खुब्यातली न दिसलेली चीर

चावीकाकूंनी आयुष्यात एकही चावी घडवली नाही. चाव्या घडवायचे ते त्यांचे यजमान. चौकात बुटांच्या दुकानाला खेटून कपाटाएवढी जागा होती. तिथे बसून काका कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या कापायचे, आणि कुणी दाराबाहेर अडकलं की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघायचे. म्हणून ते चावीकाका, आणि म्हणून त्या चावीकाकू. त्या स्वतः बिस्किटांच्या कारखान्यात होत्या. सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि तुटकं, तडकलेलं बिस्किट उचलून बाजूला टाकायचं, हे त्यांचं निवृत्त होईपर्यंतचं काम. बोलायला फटकळ, चालायला तुरुतुरु. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की खालच्या मजल्यावरचे बसड्रायव्हर बायकोला म्हणायचे, "आली बघ आगगाडी."

काकांचं विसरणं हळूहळू सुरू झालं. एकाची चावी दुसऱ्याला दिली. मग दुकानाचा रस्ता चुकला. मग एका सकाळी त्यांनी काकूंना अगदी अदबीनं सांगितलं, "बाई, तुमचं काम झालंय, उद्या या." काकू आधी हसल्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

डोकं विसरलं, पण बोटं काही विसरली नाहीत. घरातून निसटायचा काकांना नाद लागला आणि दाराला कुठलंही कुलूप घाला, ते उघडायचे. केसांची पिन, चमच्याचा दांडा, काहीही चालायचं. कधी बेकरीवाला हाताला धरून आणून सोडायचा, कधी ड्रायव्हर. "हे चोर झाले असते ना," काकू म्हणायच्या, "तर आज बंगल्यात राहिलो असतो." पण रस्त्यावर गाड्या सुसाट जायच्या आणि जीव सतत टांगणीला लागलेला असायचा. शेवटी काकूंनी सुताराला बोलावून दाराच्या अगदी वरच्या टोकाला कडी बसवून घेतली. काका बुटके. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.

त्या दुपारी काकू न्हाणीघरात कपडे पिळत होत्या. बाहेर काहीतरी धपकन पडलं. धावत आल्या तर काका दारापाशी कुशीवर पडलेले, शेजारी स्वयंपाकघरातला बुटका स्टूल आडवा. गुडघ्याएवढासुद्धा उंच नव्हता तो स्टूल.

"कुठे लागलं? अहो, कुठे लागलं सांगा ना!"

काकांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "इथं."

ड्रायव्हरनं आणि काकूंनी मिळून त्यांना उठवलं. काका पाय टेकवत होते, लंगडत होते, कण्हत होते, पण उभे राहत होते. ड्रायव्हरच्या पुतण्याची गाडी होती, तिच्यातून दवाखान्यात नेलं. तातडीच्या विभागात गर्दी उसळलेली. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं? काकांनी गुडघा दाखवला. गुडघ्याचा एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं.

"मुकामार आहे. सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले. "एक मात्र करा, झोपवून ठेवू नका. या वयात माणूस झोपला की झोपतोच. रोज थोडं थोडं चालवा."

हे शेवटचं वाक्य काकूंनी गाठ मारून ठेवलं. एखादी गोष्ट करायची ठरली की ती तडीला न्यायची, हा त्यांचा स्वभावच होता. दुसऱ्या सकाळपासून त्यांनी काकांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायला सुरुवात केली. खाटेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून परत. काका दात आवळायचे, कपाळावर घाम यायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तर ते पाऊलच टाकेनात. काकूंच्या कमरेला मिठी मारून लहान मुलासारखे लोंबकळले.

काकूंचा संयम सुटला. "पुरे झाली नाटकं! डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे. मग? चला, टाका पाऊल! टाका म्हणते ना!"

काकांनी पाऊल टाकलं. आणि अशी किंकाळी फोडली की खालून ड्रायव्हरची बायको हातातलं टाकून वर आली.

"काकू, ही काही नाटकं नाहीत हो," ती म्हणाली. "परत दाखवा."

परत नेलं. या वेळी हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं काकूंच्या लेकीएवढ्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र शांत. त्यांनी गुडघ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकांच्या पायाच्या टाचेवर त्यांनी मुठीनं हलकेच ठोकलं तशी काकांनी मांडीच्या सांध्याजवळ हात नेला.

"दुखणं गुडघ्यात नाहीये काकू, खुब्यात आहे. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही शिरा एकच. खुबा दुखावला की माणूस गुडघा दाखवतो. धडधाकट माणसंसुद्धा फसतात, यांना तर सांगताही येत नाही."

मग खुब्याचा एक्स-रे. एक्स-रे काढणारा माणूस समजूतदार होता. त्याला पाय आतल्या बाजूला वळवून धरायचा होता, कारण तसा धरला तरच मांडीच्या हाडाची मान चित्रात पूर्ण लांबीनं येते. पण त्यानं पायाला हात लावला की काका ओरडायचे, त्याचं मनगट पकडायचे. काकूंनी शिशाचा जड अंगरखा घालून काकांचे खांदे धरले. "हलू नका हो, एक क्षण, फक्त एक क्षण." काका हलले. पुन्हा काढला. पुन्हा हलले. शेवटी जे निघालं ते पाय बाहेर वळलेलं, किंचित धूसर चित्र.

डॉक्टरीणबाईंनी ते पडद्यावर मोठं केलं, लहान केलं, दोन्ही बाजूंचे खुबे ताडून पाहिले. "यात तुटलेलं दिसत नाही. पण चित्र चांगलं नाही, आणि यांचं दुखणं मला आवडत नाहीये. म्हाताऱ्या, भुसभुशीत हाडात बारीक चीर असेल तर एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. एमआरआय करू. त्यात लपून राहत नाही. तोवर यांना अजिबात उभं करायचं नाही."

"पण ते तर म्हणाले होते, चालवा—"

"हो. आता नको."

एमआरआयच्या खोलीत सगळं मुसळ केरात गेलं. त्या नळीसारख्या यंत्रात काकांना सरकवलं, आतून ठकठक सुरू झाली, आणि काकांना वाटलं आपल्याला कोंडलंय. ज्या माणसानं जन्मभर कोंडलेल्यांना सोडवलं, त्याला कोंडलेलं कसं सहन व्हावं? त्यांनी आत लाथा झाडल्या, हातात दिलेल्या घंटीची तार ओढली, घशाच्या शिरा ताणून हाका मारल्या. बाहेर काढलं तेव्हा चेहरा पांढराफटक. सीटी स्कॅननं थोडंफार कळलं असतं, पण ते यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला होतं. गुंगीचं औषध देऊन एमआरआय करायचा, तर भूलतज्ज्ञ हवेत, आणि त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली. वॉर्डात खाट रिकामी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन ठिकाणी फोन लावून पाहिले, मग कपाळ चोळत म्हणाल्या, "घरी खाटेवर सांभाळाल ना? एवढे दिवस?"

"सांभाळीन," काकू म्हणाल्या.

आणि सांभाळलंच. खाटेला खुर्च्या लावून कुंपण केलं. जेवण भरवलं, भांडं लावलं, काका उठू लागले की छातीवर हात ठेवून बसल्या. पण माणूस कधीतरी शेगडीवरचं दूध उतरवायला उठतोच. काकू आत गेल्या. काकांना काय आठवलं कोण जाणे. कदाचित दुकान उघडायचं होतं. त्यांनी खुर्ची सरकवली, पाय खाली सोडले आणि उभे राहिले. पडण्याआधीच मोडलं, असं काकू नंतर शपथेवर सांगायच्या. आवाज आधी आला, पडणं मागाहून.

या वेळी एक्स-रेची गरजच नव्हती इतकं ते उघड होतं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पार कलंडलं होतं, जणू दुसऱ्याच कुणाचं आणून जोडलंय. काका ओरडतही नव्हते. नुसते काकूंकडे बघत होते, कुणीतरी समजावून सांगेल या आशेनं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवं चित्र लावलं. काकूंनी कॉलर धरावी तशी त्यांच्या अंगरख्याची बाही पकडली. "आधीचं पण लावा."

"काकू, आत्ता—"

"लावा. मला बघू दे."

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आली. नव्यात हाडाचा गोळा एकीकडे आणि मांडीचं हाड भलतीकडे वर सरकलेलं. जुन्यात सगळं जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक जुन्या चित्राच्या एका जागी नेलं. "इथे कदाचित एक रेघ आहे. आता माहीत आहे म्हणून मला दिसतेय. तेव्हा दिसली नव्हती."

काकू पडद्याजवळ नाक नेऊन बघत राहिल्या. उभं आयुष्य त्यांनी तडकलेलं ओळखण्यात घालवलं होतं. करडं, पांढरं, करडं. रेघ त्यांना दिसेना.

"मी चालवलं त्यांना," त्या म्हणाल्या. "ओढून चालवलं. नाटकं करता म्हणाले."

"तुम्हाला चालवायला सांगितलं होतं."

"चालवलं नसतं तर सरकलं नसतं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "नसतंही कदाचित. तेव्हा कळलं असतं तर दोन-तीन स्क्रू घालून भागलं असतं. पण ते स्वतःच उठले असते आणि सरकलं असतं, असंही झालं असतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पहिल्याच दिवशी आम्ही गुडघ्याबरोबर खुबाही बघायला हवा होता. ती चूक आमची."

काकूंना भांडायचं होतं. कुणाचा तरी गळा धरायचा होता. पण ही बाई स्वतःच मान पुढे करत होती, आणि काकूंच्या हातातलं बळच गेलं.

मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत बसतो. गोळ्याला आणि हाडाला जोडणारी ती मान. मानेच्या खाली मोडलं तर तिथे रक्त भरपूर असतं, आत सळई नि स्क्रू घातले की हाड सांधतं. पण मान मोडून सरकली की गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. गोळा वाळतो, मरतो. यांचं तेच झालं होतं. म्हणून गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा.

"आणि नाही केलं तर?"

"तर खाटेवर. प्रत्येक वेळी कूस बदलताना दुखणार. पाठीला, टाचांना जखमा होणार, छातीत कफ साचणार, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. केलं तरी यातलं काहीही होऊ शकतं. हृदय अशक्त आहे, भूल सोसेल की नाही हेही आहेच. पण दुखणं कमी होईल, बसवता येईल."

लेक दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात नोकरीला होती. तिला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, नको करूस."

"म्हणजे?"

"मी रोज बघते गं. अशा घरची माणसं आमच्याकडे औषधं न्यायला येतात. आधी दुखण्याची, मग जखमांची, मग अँटिबायोटिक, मग परत जखमांची. बाबांना तू कोण ते कळत नाही. त्यांना दुखणार नाही एवढं बघ आणि सोड त्यांना."

"सोड म्हणजे मरू दे म्हणतेस? सरळ बोल ना!"

"आई—"

"तुझा बाप आहे तो! भांड्याला पोचा आला म्हणून काय टाकून देतात?"

काकूंनी फोन ठेवला. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली ती ठसठशीत.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदाच हसल्या. आणि काकूंना वाटलं, चला, सुटलो. खरी परवड तिथून सुरू झाली.

भूल उतरली, पण काका परतलेच नाहीत. जे होते ते दुसरेच कुणीतरी. सलाइन उपटत, लघवीची नळी ओढत, छताकडे बघून बडबडत. परिचारिकांनी सांगितलं, असं होतं, म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर डोकं काही दिवस भरकटतं. एका सकाळी काकू चमच्यानं पाणी पाजत होत्या. काकांनी त्यांचा हात घट्ट धरला, चेहरा जवळ आणला आणि धंद्यातल्या त्या जुन्या, धीर देणाऱ्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका बाई. दारापासून थोड्या लांब उभ्या राहा. मी उघडतो."

काकू म्हणाल्या, "बरं." आणि पाण्याचा चमचा कपात ठेवून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण पलीकडच्या खाटेवरची माणसं बघत होती.

डोकं थोडं जागेवर आलं, निदान आधी होतं तेवढं. घरी जाताना कसरत शिकवणाऱ्या ताईंनी बजावून सांगितलं होतं: पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, बुटक्या आसनावर बसवायचं नाही. नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटेल. काकूंनी खुर्चीखाली लाकडी ठोकळे लावून ती उंच केली, पायांमध्ये उशी बांधली. पण ज्याला जेवलो की नाही हे आठवत नाही, त्याला वाकू नकोस हे कसं आठवावं? लेक भेटायला आली होती त्या दिवशी काकांच्या हातातला चष्मा खाली पडला. ते वाकले. लेक ओरडली, "बाबा!" पण तोवर खुब्यात कट्टकन वाजलं होतं.

पुन्हा गाडी, पुन्हा तोच एक्स-रेवाला. धातूचा गोळा वाटीच्या बाहेर, अगदी कुणालाही दिसावा असा. पुन्हा भूल देऊन ओढून बसवला. पुन्हा डोकं भरकटलं. पुढे महिनाभरात झोपेत पाय आवळला आणि परत निसटला. तोवर माकडहाडापाशी जखम झाली होती. आधी लाल डाग, मग फोड, मग बशीएवढा खड्डा. काकू हातमोजे घालून ती धुवायच्या आणि मनात म्हणायच्या, हे मी केलं. स्टूल मी त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला. कडी वर मी बसवली. चालवलं मी. सही मी केली. कुणी काही विचारलं की बाहेरून मात्र म्हणायच्या, "चाललंय." त्यांची ती आगगाडी केव्हाच बंद पडली होती. जिन्यावर आता आवाज यायचा तो पायरीगणिक थांबून घेतलेल्या श्वासाचा.

मग ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागेतून पाणी झिरपू लागलं. ताप आला. तपासणीत कळलं, आतल्या सांध्यातच पू झालाय.

डॉक्टरीणबाई खाटेशी न बोलता त्यांना बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या. लेकही होती, ती रजा काढून आली होती आणि मायलेकी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक म्हणजे हा सांधा काढायचा, पू साफ करायचा, काही महिन्यांनी नवा घालायचा. यांना ते झेपेल असं मला वाटत नाही. दुसरा, सांधा काढायचा आणि तिथे काहीच घालायचं नाही. पाय आखूड राहील, लुळा राहील. चालणं कायमचं संपलं. पण निसटायला काही उरणार नाही, आणि पू आटोक्यात येईल."

"आणि तिसरा," लेक हळूच म्हणाली.

"हो. काहीच न करता फक्त दुखणं शमवायचं. तोही रस्ता आहे. लाज वाटायचं कारण नाही."

काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्या लेकीकडे वळल्या. आत्तापर्यंत एकही निर्णय त्यांनी कुणाला विचारून घेतला नव्हता. "तू सांग गं," त्या म्हणाल्या. "माझं सगळं चुकत गेलंय. माझं डोकंच चालत नाही आता. तू सांगशील ते."

लेकीचा चेहरा वेडावाकडा झाला. जिनं फोनवर ठामपणे सोड म्हटलं होतं, तिला आता तो शब्द उच्चारवेना. आत बाबा कुशीवर वळताना ओरडले, ते बाकापर्यंत ऐकू आलं.

"काढून टाका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "त्यांना ओरडायला लावणारं जे काही आहे ते काढून टाका. आणि मग परत काही करायचं नाही. काहीही नाही. आई, चालेल?"

काकूंनी मान हलवली.

काका त्यातूनही वाचले. डॉक्टरीणबाईंनाही नवल वाटलं. घरी समोरच्या खोलीत भाड्यानं आणलेली दवाखान्यासारखी खाट लावली. उजवा पाय सैल दोरीसारखा, उचलला की नको तिथून वळायचा. पण दुखत नव्हता. ते ओरडत नव्हते. काही चांगल्या सकाळी खिडकीतून खालचा रस्ता बघायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करायचे. काकूंना एकदा म्हणाले, "तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी वाट बघत असतील." काकू म्हणाल्या, "बघू देत."

लेकीनं दुकानाच्या इथल्या शाखेत बदली मागून घेतली होती. ती आली, आणि दोघींनी मिळून त्यांना इकडून तिकडे वळवायचं, पुसायचं, भरवायचं असं चाललं. थंडीत छाती भरली. घास श्वासनळीत जायला लागला. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन पाहून गेल्या आणि दारात काकूंचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. दवाखान्यात न्या, असं म्हणाल्या नाहीत. ठरल्याप्रमाणे फक्त श्वासाचा त्रास कमी करणारं औषध दिलं. दोन दिवसांनी सकाळी लेक चहा करत होती आणि काकू त्यांची टाच तेल लावून चोळत होत्या, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की खोलीत फक्त स्टोव्हचा आवाज येतोय.

त्यानंतर लोक येऊन गेले. बेकरीवाला आला, बुटांच्या दुकानातला आला. ड्रायव्हर पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. काकू रडल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला त्या तीच हकीकत पहिल्यापासून सांगत, स्टूलपासून, आणि सांगता सांगता मध्येच थांबून विचारत, "तेव्हाच दुसरीकडे नेलं असतं तर?" लोक म्हणत, छे छे, तुम्ही किती केलंत. काकूंना ते नको असायचं. पण काय हवं होतं, तेही त्यांना सांगता येत नव्हतं.

भाड्याची खाट न्यायला दोन माणसं आली. त्यांनी तिचे नट सोडवले, तुकडे केले, जिन्यावरून उतरवताना भिंतीचा रंग खरवडला. खोली एकदम भलीमोठी दिसू लागली. काकू खाटेखाली साचलेली धूळ पुसायला खाली बसल्या आणि पुसून झाल्यावर तशाच बसून राहिल्या. लेक समोर येऊन बसली.

"आई, पुढच्या आठवड्यात तुझ्या हाडांची तपासणी करून घेऊ. किती ठिसूळ झालीत ते कळतं. डॉक्टरांशी बोललेय मी."

"माझ्या हाडांचं काय घेऊन बसलीस?"

"मला हे सगळं परत नाही जमणार. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी चल."

काकूंनी ओला फडका घडी घालून मांडीवर ठेवला. "तू तेव्हा फोनवर म्हणालीस, नको करूस. ऐकलं असतं तर लवकर सुटले असते ते."

"कदाचित," लेक म्हणाली. मग म्हणाली, "पण तुझ्या हातून सही झाली नसती तर मीच आयुष्यभर म्हटलं असतं, आईनं प्रयत्नसुद्धा केला नाही. मला नाही माहीत, आई. खरंच नाही माहीत."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या.

ही एवढी गोष्ट दोघींना एकाच वेळी, एकसारखी माहीत नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या एका बाजूला बसल्या होत्या. काकूंच्या तोंडून एक आवाज निघाला, आधी खोकल्यासारखा, आणि मग तो थांबेचना. लेकीनं त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. खालून ड्रायव्हरची बायको वर आली, दारातून पाहिलं आणि तशीच परत गेली.

दुपार झाल्यावर काकू उठू लागल्या. गुडघे धरले होते, उठता येईना. लेकीनं दोन्ही हात पुढे केले.

"हळू," ती म्हणाली. "घाई नाहीये."

काकूंनी एक पाय टेकवला, जरा थांबल्या, मग दुसरा टेकवला.